यादीत नसलेली वस्ती: कलम ४ च्या घोषणेपर्यंत

डिसेंबर २०२४ मध्ये आमची ओढ्याकाठची वस्ती महाराष्ट्र शासन राजपत्रात ‘झोपडपट्टी क्षेत्र’ म्हणून प्रसिद्ध झाली. सगळी नाही. ५८ घरांपैकी ४२ घरं आत आली, १६ बाहेर राहिली. त्या १६ घरांबद्दल पुढे लिहिते.

ही घोषणा महाराष्ट्र झोपडपट्टी क्षेत्र (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम, १९७१ च्या कलम ४ खाली होते. मुंबई-पुण्यात या कलमाची माहिती असलेल्या संस्था, वकील, कार्यकर्ते भेटतात. आमच्यासारख्या मध्यम शहरात विचारायचं कुणाला, हाच पहिला प्रश्न होता. म्हणून जे जसं घडलं ते क्रमाने मांडते आहे. शहराचं आणि कचेरीचं नाव लिहीत नाही, कारण दुसरा अर्ज अजून त्याच टेबलांवरून फिरतो आहे.

जुलै २०२२ मध्ये आम्ही बायकांनी सह्या करून महिलांच्या शौचालयासाठी अर्ज दिला. आमच्या वस्तीत शौचालय नाही. रस्त्यापलीकडच्या वस्तीतलं वापरायचं, तिथे बायकांसाठी दोन सीट चालू, आणि पहाटे रांगेत उभं राहिलं की तिथल्या बायकांची बोलणी खायची. त्यांचंही चुकत नव्हतं. ते त्यांच्यासाठीच बांधलेलं होतं. सप्टेंबरमध्ये उत्तर आलं: सदर वस्ती घोषित झोपडपट्ट्यांच्या यादीत समाविष्ट नसल्याने मागणी विचारात घेता येत नाही. एका ओळीचं पत्र. मी याच वस्तीत लहानाची मोठी झाले, इथूनच बी.कॉम. केलं, आणि अशी काही यादी असते हे मला त्या दिवशी कळलं.

मग यादी मागितली, माहिती अधिकारात. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, एका अर्जात एकच विषय घ्यायचा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवायचा. ‘घोषित व अघोषित झोपडपट्ट्यांची यादी, प्रत्येकीचा सर्व्हे नंबर, घोषणेचा दिनांक व राजपत्राची प्रत’ एवढंच मागावं. कारणं लिहीत बसू नये. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तेव्हा २० रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील केलं. अपिलाची सुनावणी लागायच्या आतच कागद मिळाले, पानाला २ रुपये भरून.

रस्त्यापलीकडची वस्ती यादीत होती, १९८० च्या दशकात घोषित झालेली. तिथे सिमेंटचे बोळ, बंदिस्त गटार, खांबावर दिवे. आमच्याकडे उघडी नाली आणि ५८ घरांना एक सार्वजनिक नळ. कमाई दोन्हीकडे सारखीच, कामंही तीच: धुणीभांडी, हमाली, सेंट्रिंग, भाजीची गाडी. फरक इतकाच की त्यांचं नाव एका कागदावर होतं.

आमच्या कॉलेजात भूगोल शिकवणारे एक सर आहेत. त्यांच्याकडे ती यादी घेऊन गेले. आमच्यासारख्या वस्त्या मोजणीतून का गळतात ते त्यांनी मला वहीवर लिहून दाखवलं. २०११ च्या जनगणनेत घोषित आणि मान्यताप्राप्त वस्त्यांखेरीज ‘ओळखल्या गेलेल्या’ झोपडपट्ट्या असा तिसरा वर्ग होता. त्यासाठी किमान ३०० लोकसंख्या किंवा सुमारे ६०-७० कुटुंबं एकत्र हवीत. देशपातळीवरच्या नमुना पाहणीत हाच आकडा २० कुटुंबांचा. झोपडपट्ट्यांच्या आकडेवारीसाठी नेमलेल्या प्रणव सेन समितीनेही २०१० मध्ये २०-२५ कुटुंबांची शिफारस केली होती. म्हणजे एकच वस्ती एका मोजणीत झोपडपट्टी आणि दुसऱ्या मोजणीत नाही. २०११ ला तर आमची घरं आणखी कमी होती. त्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या झोपडपट्ट्यांची लोकसंख्या १ कोटी १८ लाखांच्या आसपास धरली गेली. त्यात आम्ही कुठेच नव्हतो. आमची गणना प्रभागात झाली, आणि आमच्या प्रभागात बंगले आहेत, नव्या इमारती आहेत, दोन मोठी हॉस्पिटलं आहेत. सगळ्यांची सरासरी काढली की आमचा प्रभाग सुस्थितीतला दिसतो.

परदेशात काय करतात तेही सरांनी सांगितलं. फ्रान्समध्ये २०१४ च्या कायद्यानंतर शहराचे २०० मीटरचे चौकोन पाडून, तिथल्या लोकांचं उत्पन्न या एकाच निकषावर गरीब वस्त्या निवडल्या गेल्या. ते मला फार पटलं, कारण तिथे कुणाला अर्ज घेऊन जावं लागत नाही. पण त्यांच्याकडेही किमान १,००० लोकवस्तीची अट आहे, म्हणजे आमच्याएवढी वस्ती तिथेही गळाली असती. छोट्या वस्त्यांची ही अडचण सगळीकडची दिसते. कलम ४ चं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे की त्यात घरांच्या किमान संख्येची अट नाही. जागा तिथल्या किंवा शेजारच्या लोकांच्या आरोग्याला, सुरक्षिततेला धोकादायक आहे का, घरं माणसांना राहण्यालायक आहेत का, एवढंच बघायचं असतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये समाजमंदिरासमोर बैठक घेतली. सगळे लगेच हो म्हणाले नाहीत. एका काकांच्या मुलीचं लग्न जमत आलं होतं. ते म्हणाले, ‘सरकारी कागदावर झोपडपट्टी लिहून घेतलं तर पाव्हणे काय म्हणतील?’ एका मावशींना बिल्डर येईल आणि आपल्याला उचलून लांब नेऊन टाकेल अशी भीती. तरुण पोरांना वाटत होतं की घोषणा झाली म्हणजे फुकट फ्लॅट मिळणार. हे तिन्ही प्रश्न प्रत्येक वस्तीत निघतील, म्हणून जे समजून घेतलं ते सांगते. कलम ४ ची घोषणा म्हणजे पुनर्वसन योजना नव्हे. तिच्यानंतर कलम ५अ खाली पाणी, गटार, शौचालय, रस्ता, दिवे अशी सुधारणेची कामं करता येतात. घोषित क्षेत्रातल्या रहिवाशाला काढण्यासाठी दावा लावायचा तर आधी सक्षम प्राधिकाऱ्याची, म्हणजे या कायद्याखाली शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याची, लेखी परवानगी लागते, ते कलम २२. आणि पुनर्वसनाच्या घरासाठीची पात्रता ही प्रत्येक कुटुंबाची वेगळी बाब आहे: १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल तर मोफत, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून. वस्तीची घोषणा झाली म्हणून कुणी आपोआप पात्र होत नाही. हे स्पष्ट सांगितल्यावर दोन-तीन पोरांचा उत्साह मावळला, पण पुढे कुणी ‘फसवलंत’ म्हणालं नाही. लग्नाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या काकांच्या मुलीचं लग्न होईपर्यंत अर्ज द्यायचा नाही असं सगळ्यांनी ठरवलं, आणि मला तो निर्णय योग्यच वाटला.

तो वेळ सर्व्हेत गेला. हे काम मन लावून करा, पुढचं सगळं यावरच उभं राहतं. कलम ४ (२) मध्ये घर राहण्यालायक आहे की नाही हे ठरवताना काय बघायचं ते दिलेलं आहे: दुरुस्ती, मजबुती, ओल, उजेड-वारा, पाणीपुरवठा, सांडपाणी व शौचालय, स्वयंपाकाची आणि अन्न ठेवण्याची सोय. आम्ही तेच सर्व्हेचे रकाने केले. त्यामुळे अर्ज वाचणाऱ्याला कायद्याशी ताळा घालताना शोधाशोध करावी लागली नाही. घरांना आम्हीच खडूने, मग रंगाने नंबर दिले. कुलूपबंद घरांनाही नंबर दिला, भाडेकरूंचीही नावं घेतली. नाव आधारवर आहे तसंच उतरवायचं आणि बाईचं नाव वेगळ्या रकान्यात घ्यायचंच. बोळांची रुंदी टेपने मोजली. सगळ्यात अरुंद ठिकाणी तीन फूट भरली. माणसं निघाली २७१, त्यात बायका-मुली १३१. स्वच्छ भारत अभियानाच्या मापाने सामुदायिक शौचालयात २५ महिलांमागे एक सीट लागते, म्हणजे आम्हाला किमान सहा हव्यात. हा हिशेब अर्जात जसाच्या तसा घातला.

अनपेक्षित मदत मिळाली ती आशाताईंची. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ पासून आहे, आणि त्यात यादीतल्या व यादीबाहेरच्या दोन्ही वस्त्या धरायच्या असतात. त्यामुळे आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत आमची वस्ती नावानिशी होती. डेंग्यू, जुलाब, कावीळ, सगळ्यांची नोंद. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना विनंती केल्यावर त्यांनी तीन वर्षांच्या नोंदींचं पत्र दिलं. सगळ्या फाईलमध्ये वजनदार कागद हाच ठरला, कारण कायद्याचा पहिला मुद्दाच आरोग्याला धोका हा आहे. ‘अशी काही वस्तीच नोंदीत नाही’ हे वाक्य त्यानंतर कुणी ऐकवलं नाही.

मार्च २०२३ मध्ये अर्ज दिला. सोबत सर्व्हेची यादी, हाताने काढलेला आणि उपग्रह चित्रावर उतरवलेला असे दोन नकाशे, फोटो, आरोग्य केंद्राचं पत्र, सह्या आणि सातबारा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. अर्जाच्या डोक्यावर ‘सक्षम प्राधिकारी, कलम ३’ असं लिहिलेलं होतं, विषयात ‘कलम ४ (१) खालील घोषणा’ असंही होतं. तरीही टपाल कक्षातून अर्ज गेला अतिक्रमण विभागाकडे. तिथून मुकादम वस्तीत चौकशीला आला आणि दोन दिवस कुणाच्या घरी धड जेवण शिजलं नाही. आता आपल्या अर्जामुळेच घरं पडणार असं सगळ्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या रात्री मलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दहा-बारा बायका गेलो, पोहोच दाखवली, आवक क्रमांक दाखवला. अतिक्रमणच्या साहेबांनी ‘हा विषय आमचा नाही’ असा शेरा मारून कागद योग्य टेबलाकडे पाठवला. एक सांगते: नुसता शिक्का घेऊ नका, आवक क्रमांक हाताने लिहून घ्या, आणि आठवड्याने जाऊन कागद कुठल्या टेबलावर गेला ते विचारा.

त्या काळात महापालिकेवर प्रशासक होते, निवडून आलेला नगरसेवक कुणीच नाही. एरवी अशा कामाला नगरसेवकाचं पत्र जोडतात. आम्हाला ती सोय नव्हती. त्याऐवजी लोकशाही दिन, म्हणजे वरिष्ठ अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तो दिवस, उपयोगी पडला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो. तिथे विषय आला की पुढच्या आठवड्यात फाईल हलायची. एरवी ‘साहेब मीटिंगला’.

स्थळपाहणी जुलै २०२३ मध्ये झाली, भर पावसात. कनिष्ठ अभियंता, सर्व्हेअर आणि एक लिपिक. मी मनातून पावसाचे आभार मानले, कारण उन्हाळ्यात आले असते तर नाली कोरडी दिसली असती. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो मोठ्याने वाचायला लावा. आमच्या पंचनाम्यात आधी ‘काही घरांत ओल’ असं लिहिलं होतं. घराघरांत भिंतीला हात लावून दाखवल्यावर ‘बहुतांश’ झालं.

आणि त्याच दिवशी चतुःसीमेचा प्रश्न निघाला. वस्तीचा वरचा भाग एका खासगी सर्व्हे नंबरात आहे, सातबाऱ्यावर सहा वारस. खालची १६ घरं मात्र ओढ्याच्या काठच्या पट्टीत, त्या सर्व्हे नंबराच्या बाहेर. विकास आराखड्यात ओढ्यालगतच्या त्या पट्टीत बांधकाम चालत नाही. सर्व्हेअर म्हणाले, ही घरं घेतली तर नगररचना विभाग अख्खा प्रस्तावच परत पाठवेल. मोजणी आम्हाला मागता येत नव्हती, जमीनधारकच मागू शकतो. शेवटी प्राधिकाऱ्यांकडून भूमी अभिलेख कार्यालयाला पत्र गेलं आणि मोजणी होऊन नकाशा यायला ऑक्टोबर उजाडला. नकाशावरची रेघ आमच्या बोळाच्या मधून गेली. डावीकडची घरं आत, उजवीकडची बाहेर.

मला याचं अजूनही वाईट वाटतं, आणि हे चूक आहे असं माझं ठाम मत आहे. पुराचं पाणी आधी त्याच १६ घरांत शिरतं. जिथे धोका जास्त, तिथलीच घरं धोक्याच्या यादीतून वगळायची, याला कायद्यातल्या शब्दांचा आधार नाही. ओढ्याकाठी राहू देऊ नये असं म्हणत असतील तर तेही समजू शकते; पण मग त्यांना पर्यायी जागा देण्यासाठी तरी त्यांची नोंद हवी. आम्ही लेखी हरकत दिली. बाहेर राहिलेल्या घरांतल्या आजींनीच मला थांबवलं: ‘आधी ४२ चं होऊ दे गं, सगळ्यांचं अडवून आमचं होणार आहे का?’ त्यांच्या या शब्दावर आम्ही पुढे गेलो. वस्तीत त्यामुळे दुरावा आला नाही असं म्हणता येणार नाही. गणपतीच्या वर्गणीला त्यातली काही घरं त्या वर्षी आली नाहीत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थानिक वर्तमानपत्रांत नोटीस आली, वस्तीतही चिकटवली. हरकतींसाठी ३० दिवस होते. चिकटवलेल्या नोटिशीचा तारखेसह फोटो काढून ठेवा. अपेक्षेप्रमाणे जमीनमालकांच्या वारसांनी हरकत घेतली. जानेवारी २०२४ मध्ये सुनावणी झाली. आम्हाला वकील परवडणारा नव्हता, मीच बोलले. मालकांच्या वकिलांचं म्हणणं होतं की घोषणेने त्यांच्या हक्काला बाधा येते. मी एवढंच म्हटलं की मालकी कुणाची हा इथला प्रश्न नाही, जागेची अवस्था काय आहे हा प्रश्न आहे. आणि आरोग्य केंद्राचं पत्र पुढे केलं. मालकांचाही राग करावा असं मला वाटलं नाही. त्यातल्या एका काकांनी बाहेर येऊन सांगितलं की त्यांनाही या जमिनीतून कधी काही मिळालेलं नाही. अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या. मालकांना नीट ऐकून घेणं आपल्याही हिताचं असतं, नाहीतर आदेश पुढे अपिलात टिकत नाही.

मग वाट बघणं. १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली, जूनपर्यंत फाईल जागची हलली नाही. त्यातच ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याच्या अंमलबजावणीचं परीक्षण करायला मुंबई उच्च न्यायालयाला सांगितलं, अशी बातमी आली. आमच्या टेबलावरचे बाबू म्हणाले, ‘आता सगळं थांबणार.’ प्रत्यक्षात तसं काही थांबलं नाही. ऑक्टोबरमध्ये पुन्हा आचारसंहिता, विधानसभेची. त्या महिन्यात मी पहिल्यांदा सोडून द्यायचा विचार केला. आईने तेव्हा एवढंच विचारलं की सोडून दिल्यावर सकाळी रांगेला कोण जाणार.

डिसेंबरमध्ये राजपत्र निघालं. त्याची प्रत हातात आली की सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा अर्जाशी ताडून बघा. एक आकडा चुकला तरी शुद्धिपत्रकासाठी पुन्हा तीच वाट. घोषणेविरुद्ध अपिलाला ३० दिवसांची मुदत असते. ती जानेवारीत संपली, मालक अपिलात गेले नाहीत. सगळा खर्च चार हजारांच्या आसपास झाला: झेरॉक्स, फोटो, रिक्षा, स्टँप, टेप. घरटी वर्गणी काढली होती, हिशेब समाजमंदिराच्या भिंतीवर लावला होता. लाच मागितली गेली का, असं बरेच जण विचारतात. आमच्याकडे मागितली नाही. बुडाला तो रोज, आणि तो बायकांचाच जास्त बुडाला.

२०२५ च्या उन्हाळ्यात वरच्या बोळात जलवाहिनी आली, दिवे लागले. शौचालयाचं अंदाजपत्रक मंजूर आहे, निविदा निघायची आहे. जागा आम्ही मुद्दाम अशी सुचवली की खालच्या १६ घरांनाही जवळ पडेल. पाणी मात्र त्या घरांना अजून नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ ला पाणी हक्क समितीच्या याचिकेत, वस्ती अनधिकृत आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही असं म्हटलं आहे. निकाल मुंबई महापालिकेपुरता असला तरी आधार जगण्याच्या हक्काचा, संविधानाच्या कलम २१ चा आहे, म्हणून त्याची प्रत जोडून नळजोडाचा वेगळा अर्ज दिला आहे. तुमची वस्ती कुठल्याच यादीत नसेल तर घोषणेची वाट न बघता हा अर्ज आधी द्या.

जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली आहे, संदर्भदिनांक १ मार्च २०२७. घरयादी करताना कुठले गट झोपडपट्टीचे म्हणून दाखवले जाणार आहेत, हे महापालिकेच्या जनगणना कक्षात आत्ताच लेखी विचारून ठेवा. आम्ही ५८ घरांची यादी नकाशासह देऊन ठेवली आहे. आता आमची कुटुंबं ६० च्या वर जातात, कारण दोन-तीन घरांत चुली वेगळ्या झाल्यात; ते घर क्रमांकानुसार लिहून दिलं आहे.

१६ घरांचा दुसरा प्रस्ताव ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. त्यात घोषणेसोबत पर्यायी मागणी घातली आहे: पट्टीतून हलवायचंच असेल तर आधी कुटुंबांची नोंद आणि त्याच प्रभागात जागा. जोडपत्रांत पुराच्या वेळी तलाठ्यांनी केलेले नुकसानीचे पंचनामे आहेत. हे तहसील कचेरीत अर्ज केल्यावर मिळतात. घरात पाणी शिरल्याचा सरकारनेच लिहिलेला पुरावा असल्याने कुणी नाकारत नाही. अर्जाचा आवक क्रमांक मिळाला आहे, स्थळपाहणीची तारीख अजून नाही. पुढच्या लोकशाही दिनासाठी नमुना भरून दिला आहे, आणि या वेळी बोलायला त्या आजी स्वतः येणार आहेत.